भाऊसाहेब, वकील कोणता द्यावा?

न्यायालयातल्या कारकुनाला आमच्या भागात ‘भाऊसाहेब’ म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात मी एकतीस वर्षे भाऊसाहेब होतो आणि त्यांतली बरीचशी वर्षे दिवाणी दाव्यांच्या बारनिशीवर, म्हणजे आलेले दावे, अर्ज आणि वकीलपत्रे (पक्षकाराने वकिलाला अधिकार देणारे कागद) तपासून नोंदवण्यात गेली. निवृत्त होऊन पाच वर्षे झाली तरी ती हाक सुटलेली नाही आणि तिच्यामागून येणारा प्रश्नही सुटलेला नाही. लग्नाच्या पंगतीत, एस.टी. स्टँडवर, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहताना कोणीतरी शेजारी सरकून बसतो, आवाज खाली करतो आणि विचारतो, “भाऊसाहेब, वकील कोणता द्यावा?”

नोकरीत असताना या प्रश्नाला उत्तर देणे मला शक्यच नव्हते, कारण न्यायालयाच्या कर्मचाऱ्याने पक्षकाराला वकिलाचे नाव सुचवले की त्याच्यात आणि आवारात घुटमळणाऱ्या दलालात फरक उरत नाही. आजही मी नाव सांगत नाही. मात्र एक गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. वकिलाला विचारायचे प्रश्न लोक वकील सोडून बाकी सर्वांना विचारतात. भाऊसाहेबांना विचारतील, शिपायाला विचारतील, झेरॉक्सवाल्याला विचारतील, समोरच्या पक्षकाराच्या मेव्हण्यालाही विचारतील. आणि प्रत्यक्ष वकिलासमोर बसले की “तुम्ही कराल ते खरे, साहेब” एवढेच बोलून सही करून बाहेर पडतील. पुढे पाच-सात वर्षे जी कुरकुर चालते, तिचा उगम बहुतेक वेळा त्या पहिल्या अर्ध्या तासात असतो.

कोणता वकील, हे ठरवण्याआधी प्रकरण कोठे चालणार हे कळायला हवे. भावाने सातबाऱ्यावर परस्पर नाव लावून घेतले म्हणून चिडून दिवाणी न्यायालयात आलेली माणसे मी शेकड्याने पाहिली. फेरफाराची नोंद चुकीची झाली असेल, तर तिच्याविरुद्धचे अपील महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांकडे जाते. जमिनीची मालकी खरोखर कोणाची, हा वाद मात्र दिवाणी न्यायालयच ठरवते, कारण फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. कित्येकदा दोन्हीकडे लढावे लागते. महसुली कामे रोज करणारे वकील प्रांत आणि तहसील कचेरीच्या भोवती असतात, फौजदारी कामे करणारे निराळे, आणि कौटुंबिक न्यायालयात तर कायद्याने वकील देण्याचा हक्कच नाही. तेथे न्यायालयाची परवानगी घेऊन वकील उभा राहतो. तेव्हा “माझे काम नेमके कोणत्या न्यायालयात चालेल आणि तेथे तुमची कामे नेहमी असतात का?” हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही.

“मुंबईचा मोठा वकील देतो” असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. ज्यांना उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ वकील म्हणून मान्यता दिलेली असते, ते स्वतःच्या नावाने वकीलपत्र दाखल करू शकत नाहीत आणि पक्षकाराकडून परस्पर कामही घेऊ शकत नाहीत. त्यांच्यापर्यंत दुसऱ्या वकिलामार्फतच जावे लागते आणि फी अर्थातच दोघांची द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयात तर ‘अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ म्हणून नोंदलेल्या वकिलाशिवाय दुसऱ्या वकिलाला प्रकरण दाखलच करता येत नाही. आमच्या जिल्ह्यापुरता आणखी एक बदल झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झाले असून सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे चालतात. त्यामुळे ज्यांचे वकील मुंबईचे आहेत, त्यांनी ते कोल्हापूरला स्वतः येणार की तेथल्या कोणाला उभे करणार, आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाच्या माथी, हे आताच विचारून ठेवावे.

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई केलेली आहे. म्हणून पानभर जाहिरातीतून किंवा मोबाइलवरच्या चित्रफितीतून “शंभर टक्के जामीन” असे आश्वासन देणाऱ्याविषयी मला मुळातच शंका येते. वकिलाची पारख करायचा माझा एक साधा मार्ग आहे. न्यायालयाचे कामकाज खुले असते. सकाळी अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, सुरू होताना मागच्या बाकावर जाऊन बसावे आणि दोन-तीन दिवस नुसते पाहावे. पुकारा झाल्याबरोबर कोण उभे राहते, कोणाच्या फाइलला कागदाच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, कोण दर वेळी तारीखच मागतो, उलटतपासात कोण आवाज चढवतो आणि कोण हळू आवाजात साक्षीदाराकडून हवे ते वदवून घेतो, हे कायदा न कळणाऱ्या माणसालाही कळते. आमच्याकडे एक वकील होते, ज्यांचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नसे. पण त्यांचा उलटतपास असला की इतर वकील चहा सोडून आत येत. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, खरी आहे का अशी शंका असेल, तर वकीलपत्रावरचा सनद क्रमांक पाहून महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे चौकशी करता येते.

आता फी. हा विषय काढताना माणसे इतकी अवघडतात की जणू सोयरिकीत हुंड्याचे बोलणे चालले आहे. बाजारभावासारखा फीचा ठरलेला दर नसतो. वकिलाचा अनुभव, प्रकरणाचे स्वरूप आणि गाव यांवर ती ठरते. काही वकील एकरकमी घेतात, काही टप्प्याटप्प्याने आणि काही तारखेप्रमाणे. माझे स्वतःचे मत असे आहे की दिवाणी दाव्यात तारखेप्रमाणे फी ठरवू नये, कारण तारखा वाढण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्याकडून तारखा कमी करण्याची अपेक्षा धरणे माणसाच्या स्वभावाला सोडून आहे. टप्पे ठरवून घ्यावेत: दावा किंवा कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) तयार करण्याचे किती, निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जाचे किती, पुरावा आणि युक्तिवादाचे किती, आणि या रकमेत अपील धरले आहे की नाही. अपील बहुधा धरलेले नसते आणि ते नेमके निकालाच्या दिवशी कळते. खर्च हे फीपेक्षा निराळे प्रकरण आहे. कोर्ट फी, समन्सचा खर्च, टायपिंग, नकला आणि न्यायालयाने नेमलेल्या कोर्ट कमिशनमार्फत जमिनीची मोजणी करायची वेळ आली तर भूमी अभिलेख कार्यालयात भरायची मोजणी फी, हे सगळे पक्षकाराच्याच खिशातून जाते. वकिलाने पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवावा आणि मागितल्यास त्याची प्रत द्यावी, असे बार कौन्सिलचे नियमच सांगतात. असे असूनही पावती मागणारा पक्षकार मला एकतीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला.

टक्केवारीविषयी स्पष्टच लिहितो, कारण अपघाताच्या नुकसानभरपाईत आणि भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात हा प्रश्न हमखास येतो. “निकाल लागल्यावर रकमेच्या इतके टक्के” असा करार वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत त्याला बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये तेलंगणातून आलेल्या एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात, अशा फीपोटी घेतलेल्या धनादेशावरून चालवलेला खटला रद्द करताना हे ठामपणे सांगितले. पक्षकाराला हा सौदा सुरुवातीला गोड वाटतो, कारण पदरचे काही द्यावे लागत नाही. भरपाईचा धनादेश हातात पडला की त्याच माणसाला तो सौदा लुटीसारखा वाटू लागतो.

ज्यांना फी परवडत नाही, त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज तालुका न्यायालयातच, विधी सेवा समितीकडे करायचा असतो आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. “फुकटचा वकील काय कामाचा” हे वाक्य मी पुष्कळ ऐकले आहे. समितीच्या पॅनेलवरचे, म्हणजे यादीतले, काही वकील कंटाळा करतात, हे मी नाकारणार नाही. पण काही तरुण वकिलांनी त्या कामात जितका जीव ओतला, तितका फी घेणाऱ्यांनी ओतलेला मी क्वचित पाहिला.

याला लागूनच एक प्रसंग आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एक विधवा बाई सासरच्या जमिनीत वाटणी मागण्यासाठी आल्या होत्या. दप्तराच्या पिशवीत सातबारे, आठ-अ, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज होता. कर्ज कशासाठी, म्हणून मी सहज विचारले, तर कोर्ट फी भरण्यासाठी. ती फार असते असे भाच्याने सांगितले होते. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ केलेली आहे. कोणता वाद त्यात बसतो यावर न्यायालयात खल होतो, त्यामुळे “माझ्या दाव्याला ही माफी लागू होते का, हे वकिलांना विचारा” एवढेच मी त्यांना सांगू शकत होतो. त्यांनी विचारले, वकिलांनी तसा अर्ज जोडला आणि तो मंजूर झाला. कर्जाचा तो अर्ज माझ्याच टेबलावर राहिला आणि बरेच दिवस मी त्याच्या कोऱ्या बाजूवर बेरजा करत होतो.

वकीलपत्राचा कागद मी हजारो वेळा हाताळला आहे. न्यायालयाबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात छापील मिळतो. वर न्यायालयाचे नाव आणि दाव्याचा क्रमांक भरायची जागा, मग वादी-प्रतिवादींची नावे, खाली दाटीने छापलेला एक लांबलचक परिच्छेद, कोपऱ्यात वकील कल्याण निधीचे तिकीट. वरच्या जागा बहुधा कोऱ्याच असतात आणि सही मात्र झालेली असते. त्या परिच्छेदात काय असते? आपल्या वतीने हजर राहणे आणि अर्ज करणे तर असतेच, पण पुष्कळ नमुन्यांत तडजोड करणे, दावा काढून घेणे, न्यायालयात जमा झालेली रक्कम स्वीकारणे, लवादाकडे सोपवणे हेही अधिकार दिलेले असतात. पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेवाचून वकिलाने त्याच्या हक्कांवर परिणाम होईल अशी कबुली देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आहे. पण तुम्हीच लेखी अधिकार देऊन ठेवला असेल, तर नंतर ‘मला विचारलेच नाही’ हे पटवून देणे जड जाते. तडजोडीचा आणि रक्कम स्वीकारण्याचा अधिकार द्यायचा नसेल, तर तेवढे शब्द खोडून शेजारी सही करावी. कोऱ्या जागा भरून घेतल्याशिवाय सही करू नये आणि वकीलपत्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

वकीलपत्र दिले म्हणजे आपण मोकळे झालो, असे समजणाऱ्यांचे नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रतिवादीला समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते; न्यायालय कारणे नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतर ‘कैफियत नाही’ असा हुकूम झाला, की तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज, समोरच्याचा त्यावर ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, युक्तिवाद आणि बहुधा दंड, एवढे सगळे करूनही परवानगी मिळेलच असे नसते. दिवाणी न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात आणि उच्च न्यायालयात ९०. या तारखा वकिलाच्या डायरीत असाव्यात, तशा आपल्याही असाव्यात. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो आणि तो ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि बरेचसे हुकूम घरबसल्या दिसतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला केवळ तारीख विचारायला पंचवीस किलोमीटरवरून येणारी माणसे होती. आता वकिलाकडून तो क्रमांक लिहून घेतला की “तारीख कधी आहे?” हा फोन वाचतो आणि “मागच्या तारखेला काय झाले?” हा अधिक उपयोगाचा फोन करता येतो.

“जिंकू ना, साहेब?” हा प्रश्न विचारू नये असे मी म्हणणार नाही, कारण तो विचारल्यावाचून कोणाचे मन राहत नाही. पण त्याऐवजी “आपली कच्ची बाजू कोणती?” असे विचारून पाहावे. याचे उत्तर देणारा वकील फाइल वाचलेला असतो. अर्थात त्यासाठी आपणही त्याला सगळे खरे सांगायला हवे. आधी झालेले वाटणीपत्र, कोऱ्या स्टँपवर केलेली सही, घेतलेले पैसे, यांतले काहीही समोरच्याच्या वकिलाकडून आपल्या वकिलाला कळणे यासारखी नामुष्की नाही. वकिलाला व्यवसायाच्या नात्याने सांगितलेली गोष्ट त्याने उघड करू नये, हे पूर्वीच्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. पुढे करायच्या गुन्ह्याची योजना मात्र त्या संरक्षणात येत नाही. तडजोडीची शक्यता आहे का, हेही याच बैठकीत विचारावे. लोकअदालतीत दावा मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, मात्र त्या निवाड्यावर अपील नसते.

वकील बदलता येतो का? येतो. रीत अशी की पहिल्या वकिलाची ‘ना हरकत’ घ्यायची आणि नव्याचे वकीलपत्र दाखल करायचे. पहिला ती देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून परवानगी घ्यायची. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच ठरवले आहे. फी वसुलीसाठी त्याने वेगळा मार्ग धरावा. तरीही मूळ कागद वकिलाकडे न ठेवता प्रती द्याव्यात आणि मूळ कागद दाखल करायच्या दिवशी सोबत न्यावेत, असे मी सांगत आलो आहे. वकिलाने खरोखर गैरवर्तन केले असेल, तर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि ताकिदीपासून सनद जाण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. ग्राहक आयोगाकडे मात्र जाता येणार नाही. वकिलाच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला आहे. आणि दावा हरला, एवढ्यावरून कोणत्याही वकिलाचे गैरवर्तन ठरत नाही. दर दाव्यात एक बाजू हरणारच असते.

हे सगळे मी ज्या थाटात लिहिले आहे, त्यावरून मी स्वतः वकील देताना फार शहाणपणाने वागलो असेन असे वाटेल. गेल्या वर्षी शेजाऱ्याने माझ्या घराच्या हद्दीवरून दावा केला. समन्स घेऊन आलेला बेलिफ माझ्याच हाताखाली काम केलेला होता. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. मी ज्या वकिलांकडे गेलो, त्यांना वीस वर्षे ओळखत होतो. न्यायालयाच्या आवारात, त्यांच्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून, वरच्या जागा कोऱ्या असताना मी वकीलपत्रावर सही केली. फी विचारली नाही, भिडेखातर. “भाऊसाहेब, तुम्हाला काय सांगायचे” असे ते म्हणाले आणि मीही मान डोलावली.

पहिल्या दोन तारखांना त्यांचे ज्युनियर उभे राहिले. चोविसाव्या दिवशी कैफियतीचा एक शब्दही तयार नाही, हे कळल्यावर मला रात्री झोप येईना. सकाळी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे मी सहा प्रश्न लिहिले आणि ऑफिस उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसलो. वकीलसाहेबांनी पत्रिका हातात घेतली, एकदा माझ्याकडे पाहिले आणि एकेका प्रश्नाचे नीट उत्तर दिले. फीचे टप्पे सांगितले, कैफियत परवापर्यंत होईल म्हणाले आणि ती तशी झालीही. माझा सहावा प्रश्न पावतीचा होता. त्यांनी ज्युनियरला हाक मारली, दोघांनी मिळून कपाटाचे खालचे दोन खण शोधले आणि अखेर पावतीपुस्तक सापडले. त्याची धूळ झटकून त्यांनी माझे नाव लिहिले. पावतीचा क्रमांक एक होता.